हातभट्टी, 'सरकारमान्य' देशी आणि आपल्या माणसाचा जीव

नवसागर हा खरा कल्हईचा. काळा गूळही दुकानात उघड मिळतो. मेळघाटचे मोहफूल गोळा करण्या-वाहण्यावरचे निर्बंध शासनाने २०२१ मध्ये उठवले. ते बरेच झाले, कारण मोह हे आदिवासींचे अन्न आहे. पण हेच जिन्नस घरी आंबवून भट्टी लावली, की १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याने गुन्हा होतो.

कायद्याचे नाव दारूबंदी, आणि त्याच कायद्याखाली 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी लागते! पिणाऱ्याकडे परवाना हवा, देशी पिण्यास वय २५ पूर्ण हवे. काउंटरवर हे कोण विचारतो? राज्यघटनेचे कलम ४७ शासनाला दारूबंदीकडे न्यायला सांगते. तरी २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवण्याचा निर्णय घेतला होता. द्राक्षाची ती वाइन, मोहाची ती हातभट्टी! धाड मात्र वस्तीतल्या चुलीवर पडते.

म्हणून हातभट्टी मोकळी करा, असे आम्ही म्हणत नाही. सीलबंद बाटलीही लिव्हर खराब करतेच. चोरट्या दारूत तर नशा वाढवायला कारखान्यातले मिथेनॉल मिसळलेले असू शकते. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने शंभरावर माणसे गेली.

मिथेनॉल रंगावरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. पहिले काही तास माणूस नुसता प्यालेला वाटतो. शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड होते, मग पोटात कळा, ओकारी, जोरजोराचा श्वास, डोळ्यांपुढे धुके. बरेचदा ही लक्षणे दुसऱ्या दिवशी दिसतात. 'उतरेल झोपून' म्हणू नका. ओकारी काढू नका, उतारा म्हणून पुन्हा पाजू नका. १०८ ला फोन करा. काय प्याला, कधी प्याला, हे डॉक्टरांना खरे सांगा. उतारा-औषध आणि डायलिसिस वेळेत मिळाले तर जीव आणि डोळे वाचू शकतात.

नर्सच्या नोकरीत आम्ही पाहिले: पोलीस केसच्या भीतीने घरचे 'जेवण बाधले' सांगतात आणि तास वाया जातात. केस नंतर निस्तरता येते, गेलेली नजर परत येत नाही.

मायबहिणींनो, परवान्याचे दुकान बंद करण्याचा रस्ताही कायद्यातच आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की मतदान घेता येते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडवी बाटली' केली, की दुकान बंद. ज्या घरी पाचवे शील रोज म्हटले जाते, तिथून हा अर्ज निघायला काय हरकत आहे?

जय भीम!