ऑक्टेनचा हिशेब

ऑक्टेन या शब्दाभोवती एक गोड गैरसमज आहे. आकडा मोठा म्हणजे पेट्रोल ताकदवान, असे आपण धरून चालतो आणि लिटरमागे चार पैसे जास्त मोजून गाडीला खुराक दिल्याचे समाधान मिळवतो. मुळात हा आकडा ताकदीचा नाही, संयमाचा आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण आधी दाबले जाते, मग ठिणगी पडते. ज्वाला ठिणगीपासून क्रमाने पसरावी, अशी अपेक्षा असते. पण दाब आणि उष्णता वाढली की ज्वाला पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली की जो ठकठक आवाज येतो, तो याचाच. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. असे अवेळी पेटणे इंधन किती टाळू शकते, हे ऑक्टेन सांगते. आयसोऑक्टेनला 100, नॉर्मल हेप्टेनला 0 धरून ही मोजपट्टी बनवली आहे. म्हणून 91 ऑक्टेनवर समाधानाने चालणाऱ्या इंजिनाला 100चे पेट्रोल पाजून अधिक बळ येत नाही. जास्त दाबाच्या किंवा टर्बो इंजिनाला मात्र वरच्या आकड्याचा खरा उपयोग होतो. कोणते इंजिन कोणत्या गटातले, हे गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते.

हा संयम इंधनात आणायचा कसा? 1921 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड सापडले. चिमूटभर शिसे घातले की नॉकिंग थांबे. उपाय स्वस्त होता, पण त्याची किंमत धुरातले शिसे श्वासावाटे घेणाऱ्यांनी, विशेषतः लहान मुलांनी मोजली. भारतभर शिसेविरहित पेट्रोल यायला 2000 साल उजाडले.

आज तेच काम इथेनॉलही करते. त्याचे ऑक्टेन 108च्या आसपास आहे. देशात 20 टक्के इथेनॉल असलेल्या ई-20 पेट्रोलची विक्री फेब्रुवारी 2023मध्ये सुरू झाली. मूळ उद्दिष्ट 2030चे होते, ते 2025वर आणले गेले. मात्र ऑक्टेन आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे 21. मिश्रणात ती जवळपास सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के, तर ई-20साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांसाठी एक-दोन टक्के घट अंदाजली होती. महिन्याला 40 लिटर लागणाऱ्या जुन्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी साधारण तीन लिटर जास्त लागतील.

माझी गाडी 2014ची आहे. इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व सील यांना ते मानवेलच असे नाही. म्हणून मी टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवत नाही, सर्व्हिसिंगला इंधनाच्या नळ्या मुद्दाम तपासून घेतो आणि दर टाकीला किलोमीटर लिहून ठेवतो. महागडे पेट्रोल घेतले म्हणजे इथेनॉल टळतेच असे नाही, हेही ध्यानात ठेवतो.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला उसाची बाजू आहे. इथेनॉलमुळे कारखान्याकडे पैसा लवकर येतो आणि शेतकऱ्याचे बिल निघायला मदत होते. परदेशी तेलाची गरजही काही प्रमाणात घटते. पण ऊस पाणी पितो, आणि पावसाने ओढ दिली की सगळी गणिते बदलतात. डिसेंबर 2023मध्ये साखरेचा साठा सांभाळण्यासाठी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले होते. आता मका आणि तांदूळही या कामी येतात. म्हणजे टाकी आणि ताट यांचा संबंध अधिकच जवळचा झाला आहे.

मला इथेनॉलला विरोध करायचा नाही. ज्या गाड्या त्यासाठी बनल्या, त्यांना ते खुशाल मिळावे. आक्षेप एवढाच, की जुन्या गाडीच्या मालकाला निवडच उरू नये, आणि घटलेल्या किलोमीटरचा भार मात्र त्याने मुकाट्याने उचलावा, हे न्याय्य नाही. मिश्रणाचे प्रमाण दराच्या फलकाइतक्याच ठळक अक्षरांत लिहिलेले असावे, आणि कमी ऊर्जेच्या लिटरचा भाव ठरवताना ती घट धरली जावी. शिशाच्या वेळी किंमत कोण मोजतो, हे विचारायला आपल्याला फार उशीर झाला होता.