विश्लेषण : खाणीने हद्द ओलांडल्याचे उपग्रहाला कसे कळते?

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजासाठी डोंगर कापले गेले. २०१२ मध्ये शहा आयोगाच्या अहवालानंतर तेथील खाणकाम थांबले; २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. अशा भागांत डोंगर किती गेला आणि झाडी परतली का, हे तपासण्यासाठी उपग्रहचित्रे उपयोगी पडतात.

चित्रात नेमके काय पाहतात?

हिरवी पाने लाल प्रकाश शोषतात आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकतात. उघड्या मातीत हा फरक बराच कमी असतो. त्यावरून ‘एनडीव्हीआय’ हा हिरवाईचा निर्देशांक काढतात. तुलना मात्र एकाच ऋतूतील चित्रांची हवी. पावसाळ्यात हिरवागार असणारा सडा मे महिन्यात उघडाबोडका दिसतो.

जुना पुरावा मिळतो का?

मिळतो. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ मध्ये सोडण्यात आला. या मालिकेची चित्रे २००८ पासून मोफत आहेत. त्यामुळे खाणीपूर्वीची जमीनही अनेकदा पाहता येते. लँडसॅटच्या चित्रातील एक ठिपका साधारण ३० मीटरचा, तर युरोपच्या सेंटिनेल-२ चा १० मीटरचा असतो.

भारतातील यंत्रणा कोणती?

केंद्रीय खाण मंत्रालय आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोने २०१६ मध्ये ‘मायनिंग सर्व्हेलन्स सिस्टिम’ सुरू केली. खाणपट्ट्याच्या हद्दीबाहेर ५०० मीटरपर्यंत संशयास्पद बदल दिसल्यास राज्याच्या अधिकाऱ्यांना सूचना जाते. त्यांनी जागेवर जाऊन खातरजमा करायची असते.

मर्यादा काय?

पावसाळ्यात ढग आड येतात. सेंटिनेल-१ चे रडार ढगांपलीकडचे टिपते, पण ते चित्र वाचणे अवघड असते. साध्या चित्रातून खड्ड्याची खोली कळत नाही. त्यामुळे किती टन माल उचलला, हे ठरवायला उंचीची वेगळी मोजणी लागते. जांभ्याची जमीन मुळातच लाल असल्याने बांधकामासाठी केलेली खोदाईही खाणीसारखी भासू शकते.

शेतात गाळ आलेल्या शेतकऱ्याला वरच्या अंगाची उघडी जमीन चित्रात दाखवता येते. गाळ त्याच खाणीचा, हे मात्र जागेवरच्या तपासणीनेच सिद्ध होते. शिवाय ज्या ठिकाणी खाणपट्टाच नाही, तेथील चोरटी खोदाई ५०० मीटरच्या या नजरेतून सुटू शकते. तेथे गावकऱ्यांची तक्रार आणि वेळेवर झालेला पंचनामा यांना पर्याय नाही.