नळ, नाळ आणि नाडी

आज एका शब्दाच्या घराण्याची ओळख करून घ्यायची आहे. घराणं मोठं आहे, पण त्यातले बहुतेक शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातलेच आहेत.

ओढ्याकाठी, पाणथळ जागी एक उंच गवत वाढतं. पेरापेरांचं, बांबूसारखं आणि आतून पोकळ. त्याला आपण नळ म्हणतो. संस्कृतात त्याला नड किंवा नल म्हणत. या घराण्याचा मूळपुरुष हाच. जी जी वस्तू लांब आणि आतून पोकळ दिसली, तिला आपल्या पूर्वजांनी या गवताचं नाव जोडून दिलं.

नड आणि नळ हे एकच कसे, असं एखादा चुणचुणीत मुलगा वर्गात विचारील. त्याला फळ्यावर गुड आणि गूळ, षोडश आणि सोळा या जोड्या लिहून दाखवा. संस्कृतातला ड मराठीत येताना पुष्कळदा ळ होतो. त्यामुळं नाडी आणि नाळ या सख्ख्या बहिणी ठरतात, हे मुलांच्या लगेच ध्यानात येतं.

घरावरची नळीची कौलं, दिवाळीतला भुईनळा, विणकराची सुताची नळी, पाण्याचा नळ हे सगळे याच गोतातले. घोड्याच्या पायाचा नाल मात्र या घरचा नव्हे. तो अरबीतून आलेला पाहुणा आहे आणि त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ पादत्राण असा आहे. सारखे दिसणारे सगळेच शब्द भाऊ नसतात.

आता वनस्पतींकडे वळू. तळ्याकाठी नाळीची भाजी मिळते. तिचा देठ मोडून पाहा, आत पोकळ नळी दिसेल. कमळाच्या देठाला नाल म्हणतात. तो आडवा कापला तर एक नव्हे, बरीच भोकं दिसतात. या भोकांतून पाणी वर चढतं असं पुष्कळांना वाटतं, पण ते खरं नाही. त्यांतून हवा खेळते आणि ती चिखलात रुतलेल्या कंदापर्यंत पोचते. पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या फार बारीक असतात आणि देठाच्या मांसल भागात असतात. फूल फळतं तेव्हा परागकणातून एक सूक्ष्म नळी निघून बीजांडापर्यंत जाते. तिला शास्त्राच्या पुस्तकात परागनलिका म्हटलं आहे.

शरीरातही हीच मंडळी भेटतात. सुश्रुतानं हाडांचे पाच प्रकार सांगितले, त्यांतल्या लांब, नळीसारख्या हाडांना नलक म्हटलं. मटणातली नळी चोखणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको! आत खोल भोक पडून वाहत राहणाऱ्या जखमेला वैद्यकात नाडीव्रण हे नाव आहे. मनगटावर वैद्य बोट ठेवतो ती नाडी म्हणजे रक्ताची नळीच. काळजाच्या प्रत्येक ठोक्यासरशी ती उसळते. मोठं माणूस स्वस्थ बसलेलं असलं तर मिनिटाला साधारण 60 ते 100 ठोके पडतात. जाता जाता एक सांगतो. लग्न जुळवताना ‘एकच नाडी आहे’ म्हणून चांगली स्थळं मोडतात. ती पत्रिकेतली नाडी नक्षत्रावरून ठरवतात. मनगटातल्या नाडीशी किंवा रक्तगटाशी तिचा काहीही संबंध नाही.

आता राहिली नाळ. आईच्या पोटात मूल ज्या दोरीनं वारेला जोडलेलं असतं ती नाळ. तिची लांबी साधारण हातभर, म्हणजे 50 सेंटिमीटरच्या आसपास असते. तिच्यात तीन नळ्या असतात. दोन नळ्या मुलाकडचं रक्त वारेकडे नेतात आणि एक नळी प्राणवायू व पोषण घेतलेलं रक्त मुलाकडे परत आणते. आईचं रक्त थेट मुलात जात नाही. दोघांच्या रक्तामध्ये पातळ पडदा असतो आणि देवघेव त्या पडद्यातूनच होते. नाळ कापताना ना आईला दुखत ना बाळाला. मूल जन्मल्यावर निदान एक मिनिट थांबून नाळ कापावी, म्हणजे वारेतलं आणखी थोडं रक्त बाळाला मिळतं, असं आजचं शास्त्र सांगतं.

‘इथं काय तुझी नाळ पुरली आहे?’ असं आपण म्हणतो. नाळ मातीत पुरायची जुनी चाल त्यामागं आहे. पुरलेल्या नाळेला माती लागली तर बिघडत नाही, पण बाळाच्या बेंबीकडच्या टोकाला ती लागता कामा नये. मातीत आणि जनावरांच्या शेणात धनुर्वाताचे जंतू दडलेले असतात. विळ्यानं किंवा बांबूच्या कापीनं नाळ कापली, वर राख किंवा शेण लावलं, की जंतूंना वाट मिळते. मग बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान बाळाचं दूध ओढणं थांबतं, जबडा आवळतो, अंग ताठ होतं. पाचवी-सटवी पुजायचे दिवस नेमके याच सुमाराचे. किती घरांनी सटवाईला बोल लावला असेल!

गरोदरपणी आईला धनुर्वाताची लस देणं, दवाखान्यात बाळंतपण करणं आणि नाळ स्वच्छ कापणं यांमुळं हा रोग हटला. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. पण जंतू मातीत आहेतच, म्हणून लस चुकवून चालत नाही.

अडचणीच्या वेळी घरीच बाळंतपण झालं, तर नवं पातं आणि उकळलेला दोरा वापरा. हात साबणानं धुवा. नाळेवर तेल, हळद, राख यांपैकी काही लावू नका. ती कोरडी, उघडी ठेवा. आठपंधरा दिवसांत ती आपोआप गळून पडते. बेंबीभोवती लाली आली, पू किंवा घाण वास आला, अगर बाळानं दूध सोडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.