साडेसात सेंटिमीटर

फास्ट प्राइम लेन्स घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न आकड्याचा विचारतो. एक पॉइंट आठ की एक पॉइंट चार? बजेट ताणलं तर एक पॉइंट दोन? हा आकडा म्हणजे फोकल लेंथला अपर्चरच्या व्यासानं भागून आलेलं उत्तर. ५० मिमीच्या लेन्सचं अपर्चर साधारण ३६ मिमी उघडलं की झालं एफ/१.४. आकडा लहान, तितकं तोंड मोठं आणि उजेड जास्त. मिररलेस कॅमेऱ्यावर व्हिडिओ करणाऱ्यानं मात्र हा प्रश्न नंतर विचारावा, असं माझं मत आहे. आधी फोकसची रिंग फिरवून पाहावी.

आकड्याच्या हौसेचा कळस गाठला तो दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकनं. झाइस कंपनीनं १९६०च्या दशकात नासाच्या चांद्रमोहिमांसाठी ५० मिमी एफ/०.७ ही प्लानार लेन्स बनवली होती. नग मोजून दहा. त्यातले तीन कुब्रिकनं विकत घेतले आणि ‘बॅरी लिंडन’मधले (१९७५) अठराव्या शतकातल्या दिवाणखान्यांचे प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले. या लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या इतकं जवळ न्यावं लागे, की मध्ये आरसा फिरायला जागाच उरत नसे. म्हणून तिच्यासाठी मिचेल बीएनसी हा जुना, रिफ्लेक्स आरसा नसलेला कॅमेरा वापरला गेला, आणि त्यात फेरफार केले ते कॅमेरा-तंत्रज्ञ एड डिज्युलिओनं. मिररलेसचे एक आजोबा म्हणून त्याला मान द्यायला हरकत नाही.

छायाचित्रणाचं ऑस्कर जॉन अल्कॉटला मिळालं. फोकस सांभाळणाऱ्या डग्लस मिल्समचं नाव त्या मानानं कमी घेतलं जातं, आणि माझ्या लेखी खरी कसरत त्याची. भिंगातून पाहून फोकस करायची सोय नव्हती. तेव्हा नटाच्या बाजूनं, मुख्य कॅमेऱ्याशी काटकोनात, एक व्हिडिओ कॅमेरा लावला गेला. त्याच्या पडद्यावर नटाचं डोकं किती पुढे आलं, किती मागे गेलं हे दिसे, आणि त्या अंदाजानं मिल्सम फोकस हलवी. त्या प्रसंगांतली माणसं चित्रातल्यासारखी निश्चल बसलेली दिसतात, त्याला दिग्दर्शकाची दृष्टी जितकी कारण, तितकीच ही अडचणही.

आता थोडं गणित. तेव्हाची फिल्म १०० एएसएची, ती धुताना एक स्टॉप, म्हणजे दुपटीनं, ढकलून २०० केलेली. आजच्या सोनी ए७एस ३ या कॅमेऱ्याचा एस-लॉग३ मधला वरचा बेस आयएसओ आहे १२,८००. दोनशेपासून तिथवर सहा स्टॉप होतात. एफ/०.७ पासून सहा स्टॉप खाली उतरलं, की आपण एफ/५.६ वर येतो. म्हणजे कागदावर तरी तोच मेणबत्तीचा प्रसंग आज साध्या किट लेन्सवरही उजळेल. अंधारात शूट करायचं म्हणून मोठ्या तोंडाची लेन्स हवी, हे कारण आता निम्मंही उरलेलं नाही. उरलं आहे ते पार्श्वभूमी विरघळवण्याचं, चेहरा गर्दीतून उचलून धरण्याचं कारण. ते खरं आहे, फक्त त्याची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते.

किती, तेही पाहू. फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिमी, एफ/१.४, समोरचा माणूस दीड मीटरवर. मागचं-पुढचं मिळून स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेसात सेंटिमीटरचा. डोळे आले, नाकाचं टोक आलं, कान गेले. ८५ मिमी एफ/१.४ नं दोन मीटरवरून हेच केलं तर पट्टा साडेचार-पाच सेंटिमीटरवर येतो. हे आकडे छापील फोटोच्या जुन्या, सढळ मापानं काढलेले आहेत. फोरकेचा मोठा पडदा याहून कडक असतो. स्थिरचित्रात एवढ्यावर निभावतं, कारण दहापैकी एक फ्रेम लागली की काम झालं. व्हिडिओत सेकंदाला पंचवीस फ्रेम, आणि बोलणारा माणूस बोलता बोलता पुढे झुकतोच. हीच ५० मिमी एफ/२.८ वर आणा, पट्टा पंधरा सेंटिमीटर होतो आणि पार्श्वभूमी तरीही मऊच राहते. मुलाखतीसाठी मी यापेक्षा जास्त उघडायला सांगणार नाही.

सोनीच्या ५० मिमीच्या दोन लेन्सेस शेजारी ठेवा. एफ/१.८ ची १८६ ग्रॅम, एफ/१.२ जी मास्टर ७७८ ग्रॅम. उजेड सव्वादोन पट, वजन चौपट, आणि किमतीतली तफावत त्याहूनही जास्त. जी मास्टर काचेच्या गुणानं उजवी आहे, यात शंका नाही. पण गिंबल दिवसभर हातात धरून उभं राहणाऱ्याच्या खांद्याला हा हिशोब आधी कळतो.

आता रिंगकडे. जुन्या लेन्समध्ये रिंग फिरवली की आतली भिंगं पेचावरून थेट सरकत. बहुतेक मिररलेस लेन्समध्ये रिंग आणि भिंगं यांचा यांत्रिक संबंधच नसतो. रिंग फिरल्याची खबर विजेच्या संकेतानं मोटारीला जाते आणि मोटार भिंग हलवते. याला फोकस-बाय-वायर म्हणतात. त्यात बऱ्याच लेन्सेस वेगही मोजतात. भरकन फिरवलं तर फोकस लांब उडी मारतो, हळू फिरवलं तर रांगतो. फोटोसाठी ही सोय आहे, फोकस पुलरसाठी संकट. रिंगवर पट्टी चिकटवून दोन खुणा केल्या, तर तिसऱ्या टेकला त्या खुणा खोट्या ठरतात. हे ओळखून पॅनासॉनिकनं आपल्या एस मालिकेच्या कॅमेऱ्यांत रिंग सरळ प्रमाणात चालवायची आणि तिचा फेरा किती अंशांचा असावा हे ठरवायची सोय दिली. त्याच कंपनीच्या २४, ३५, ५० आणि ८५ मिमीच्या एफ/१.८ लेन्सेस आकारानं जवळपास सारख्या, फिल्टरचं माप सगळ्यांना ६७ मिमी, वजनंही तीनशे ग्रॅमच्या आसपास. लेन्स बदलली तरी गिंबल नव्यानं तोलायला फारसा वेळ जात नाही. जाहिरातीत यापेक्षा एफ/१.२ शोभून दिसतो, हे मान्य.

ऑटोफोकस असताना हे सगळं कशाला, असं कोणी म्हणेल. २०१३ साली कॅननच्या ७०डी मध्ये ड्युअल पिक्सेल आलं. प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग, दोन्हींच्या चित्रांतल्या फरकावरून फोकस कुठल्या दिशेला आणि किती चुकला ते कॅमेऱ्याला थेट समजतं. पूर्वीसारखं पुढे-मागे चाचपडणं संपलं. त्यावर डोळे ओळखणं आलं. एकट्या माणसासाठी ही देणगीच. पण हळदीच्या मांडवात नवरीकडे रोखलेल्या कॅमेऱ्यासमोरून एखादी मावशी ताट घेऊन गेली, की कॅमेरा मावशींच्या मागे लागतो. या घरात आज महत्त्वाचं कोण, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सोनीच्या मेनूत फोकस किती वेगानं सरकावा आणि नव्या वस्तूकडे किती तत्परतेनं वळावा, यासाठी वेगवेगळ्या सेटिंग असतात. लग्नात दुसरी कमी ठेवावी.

हातानं फोकस करताना पीकिंगच्या रंगीत रेघांवर फार विसंबू नये. त्या ठळक कडा दाखवतात, आणि चेहऱ्यावरची सगळ्यात ठळक कड बऱ्याचदा चष्म्याच्या फ्रेमची असते. टेकआधी डोळा मोठा करून पाहावा, जमिनीवर खुणा घालाव्यात. आणि शक्य असेल तर माणसाला कॅमेऱ्याकडे चालत आणण्याऐवजी कॅमेऱ्यासमोरून आडवं चालवावं. अंतर कमी बदलतं, निम्मं काम तिथंच होतं.

उन्हात वेगळीच पंचाईत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेमला १/५० शटर ठेवलं की ट्यूबलाइटही लुकलुकत नाही. पण भर दुपारी, आयएसओ १०० वर, याच शटरला एफ/२२ लागतं. एफ/१.४ वर राहायचं तर उजेड आठ स्टॉप कमी करणारा एनडी फिल्टर हवा. लेन्सच्या बजेटमध्ये तो धरलेला नसतो.

जुन्या लेन्सेसचा नाद लागतो तो रिंगच्या तक्रारीतूनच. एम४२ पेचाच्या हेलिओस ४४ सारख्या सोव्हिएत लेन्सला सेन्सरपासून साडेपंचेचाळीस मिमी अंतर लागतं, सोनीच्या ई माउंटला १८. मधली जागा भरायला काच नसलेली धातूची नळी पुरते. रिंग जड, फेरा लांब, खुणा जागच्या जागी राहणाऱ्या. निकॉनच्या जुन्या लेन्सेसची रिंग मात्र सिनेमाच्या लेन्सेसच्या उलट फिरते, तेव्हा संचात एकच निकॉन मिसळू नये. आणि कोकणातून किंवा मुंबईतून घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून बुरशी पाहावी. पावसाळा भिंगांनाही सोडत नाही.

फोकल लेंथचं म्हणाल तर वन रूम किचनमध्ये ८५ मिमी बाहेर काढायला भिंतच पाडावी लागेल. तिथं ३५ घ्यावी, जागा फारच आखूड असेल तर २४.

दुकानात करायची चाचणी मात्र सोपी आहे. दोन खुर्च्या मागे-पुढे ठेवाव्यात, पहिलीवर फोकस करून रिंगवर पेन्सिलीची खूण करावी, दुसरीवर करून दुसरी. मग एकदा सावकाश आणि एकदा झटक्यात, या खुणेवरून त्या खुणेवर जावं. झटक्यातही दुसरी खुर्ची स्पष्ट आली, तर मग एक पॉइंट चार की एक पॉइंट आठ, हे विचारायला घ्यावं. खुर्चीचा आकार फोकस सरकताना वाढतो-घटतो का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावं. त्याला ब्रीदिंग म्हणतात, आणि सोनीचे नवे कॅमेरे ते दडपतात तेही ठरावीक लेन्सेसपुरतं, चित्राची कड थोडी कापून.