एकास चौसष्ट

पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा निळा थेंब पडतो, पापणी मिटते, गळा हलतो आणि जरा वेळाने जिभेवर निळी झाक उतरते. अमरावती जिल्ह्यातल्या एका अंडी-फार्मवर लस देणाऱ्या मावशी ती झाक दिसल्याशिवाय पिल्लू खाली ठेवत नाहीत. बाकीच्या बाया भराभर उरकत असतात. “थेंब आत गेला का पिलू गुटका घेते. मंगच सोडाचं,” मावशी म्हणाल्या.

2021च्या फेब्रुवारीत अमरावतीजवळच्या भानखेड्यात बर्ड फ्लूपायी कोंबड्या मारून पुरल्या. त्या साथीवर आपल्याकडे खड्डा हाच उपाय. पण राणीखेतवर, म्हणजे गावाकडच्या मानमोडीवर, लासोटासारखी लस कित्येक दशकांपासून आहे आणि तरी या रोगाने अंगणं रिकामी होतात. हे मला खुपत होतं, म्हणून त्या फार्मवर गेलो.

शेडमधल्या अमोनियाने डोळे चुरचुरतात. मावशींना त्याचं काही वाटत नाही. लसीची शिशी बर्फात ठेवलेली. एकदा विरघळवली की साधारण दोन तासांत संपवायची, उरली तर नष्ट करायची. मोठ्या कोंबड्यांच्या पंखाखालच्या शिरेतून रक्त काढलं जातं आणि लस लागू पडली का ते पाहायला त्यातला सीरम तपासणीला जातो.

ती तपासणी अकोल्यात पाहिली. स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्थेमुळे या शहरात असं काम जाणणारी माणसं भेटतात. 96 खळग्यांची प्लास्टिकची प्लेट. सीरम प्रत्येक खळग्यात निम्मा निम्मा पातळ होत जातो: एकास दोन, चार, आठ. मग मारलेला विषाणू, शेवटी कोंबडीच्याच तांबड्या पेशी. प्रतिपिंडं पुरेशी असतील तिथे पेशी तळाशी बसून लाल टिकली उमटते. नसतील तिथे त्या तळभर पसरतात. “अंड्यावरच्या कोंबडीत टिकली एकास चौसष्टपर्यंत तरी दिसावी,” तपासणारे डॉक्टर म्हणाले. पण नुसती सरासरी त्यांना पुरत नाही. एकीत एकास चौसष्ट आणि शेजारणीत एकास चार निघालं, तर कुणाच्या तरी हातून थेंब डोळ्याबाहेर गेला, अशी शंका ते आधी घेतात. त्या प्लेटवर मला मावशींचा थांबलेला हात दिसत होता. रोगप्रतिकारावरचं संशोधन लिहिलं जातं तेव्हा या हाताचा उल्लेख सहसा नसतो, आणि मजुरीही तो हात किती पिल्लं उरकतो यावरच ठरते. हे मला अन्यायाचं वाटतं.

मावशींच्या घरी कोंबडी नाही. बाहेरचा रोग शेडमध्ये येऊ नये म्हणून फार्मवर काम करणाऱ्यांनी घरी पक्षी पाळायचे नाहीत, हा नियम, आणि तो योग्यच आहे. पण त्यांच्या गल्लीत घरटी आठ-दहा कोंबड्या. त्या चिमण्या-कावळ्यांबरोबर उकिरड्यावर दाणे टिपतात. त्यांचं रक्त कुणी काढत नाही. लसीची लहान शिशीही शंभर मात्रांची, मग दहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार?

मावशींनी मात्र हिशेब केला होता. “गल्लीतल्या समद्याईच्या मिळून शंभराच्या वर भरतात. शिशी कोनी आणून देल्ली, तं बायाईले मी शिकवतो. दोन घंट्यात गल्ली होते.”