मातीला बसायला वेळ लागतो

निबंधाच्या वह्या दुसऱ्याच दिवशी तपासून परत द्यायच्या, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. विलंब म्हणजे आळस, असे माझे ठाम मत होते. भंडारा जिल्ह्यातील करडीच्या तीन एकर जमिनीने ते मत मोडून काढले, आणि तेही माझ्याच खर्चाने!

जमीन वडिलार्जित. वडील गेल्यावर ती पडीक राहिली. "विकून टाका आणि नागपूरच्या घरावर एक खोली चढवा," हा सौभाग्यवतींचा सल्ला व्यवहाराचाच होता. पण मला हौस आली! मे महिन्याच्या सुटीत करडीला जाऊन मी धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला एक बोडी, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे लहान तळे, खोदवून घेतली. निघालेल्या मातीची पाळ रचली. सारे काम तीन आठवड्यांत उरकले. पाळीचा फोटो मी कॉलेजात सर्वांना कौतुकाने दाखवला.

आषाढातल्या एका रात्री ती पाळ फुटली. पाणी आणि गाळ शेजाऱ्यांच्या बांधीत शिरला. त्यांची रोवणी चारच दिवसांपूर्वी झाली होती. कोवळी रोपे चिखलाखाली गेली. मी धावत पोचलो तेव्हा ते सत्तरीचे गृहस्थ धुऱ्यावर बसले होते. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते! मी नुकसानीचे पैसे पुढे केले. त्यांनी ते मोजून घेतले आणि म्हणाले, "पैशानं हे साल वापस येत नाही जी, मास्तर. मातीले बसाले टाइम लागते. तुमी तिले उभीच ठेवली."

पुढच्या उन्हाळ्यापासून त्यांनीच माझी शिकवणी घेतली. मातीचा पातळ थर टाकायचा, ढेकळे फोडायची, पाणी शिंपडायचे, वरून बैल फिरवायचे, मगच दुसरा थर. जादा पाण्याला कठीण जमिनीवरून वाट ठेवायची. ती नव्हती म्हणूनच माझी पाळ फुटली होती. पावसाळ्यात जिथे खचेल तिथे पुढच्या उन्हाळ्यात भर घालायची. हरळीची मुळे माती धरू लागली की निम्मे काम झाले.

या भागाला ही विद्या जुनीच आहे. कोहळी समाजाने इथे तलावांमागून तलाव बांधले. १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगाव बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि असे तलाव 'माजी मालगुजारी', म्हणजे थोडक्यात 'मामा' तलाव झाले. माझ्या मुलीला मात्र ते कुणाच्या तरी मामाचेच वाटत! बांधणाऱ्याच्या नातवंडा-पतवंडांच्या शेतालाही ज्यांचे पाणी मिळाले, ते तलाव पाहून माझ्या तीन आठवड्यांची मलाच लाज वाटली.

आता पाच पावसाळे झाले. दर वर्षी एकच काम हाती घ्यायचे, असा नेम केला. एका वर्षी धुरे नीट केले, दुसऱ्या वर्षी त्यांवर तूर लावली. धान कापणीला येण्याआधी ओल्या बांधीत लाखोळी फेकायची, हे सौभाग्यवती शिकल्या. खोलीचा विषय आता त्या काढीत नाहीत, "यंदा तूर कशी आहे?" असे विचारतात.

यंदा धान पोटरीत असताना पावसाने दोन आठवडे दडी मारली. बोडीत पाणी होते. पहिले पाणी मी शेजाऱ्यांच्या बांधीत सोडले. त्यांनी पाळीवर चढून टाच दाबून पाहिली आणि म्हणाले, "बसली जी, मास्तर."

कित्येक परीक्षा दिल्या आणि घेतल्या. पण पास झाल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. वाचकहो, यंदाच्या दिवाळीत आमच्याकडे फराळ थोडा उशिरा होईल. नव्या धानाचे पोहे व्हायचे आहेत, आणि मला घाई नाही.