सहाशे रुपये, पण कशाचे?

नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचा भाव निघतो तो २० किलोंच्या क्रेटला. तिथून जवळच, आंबेगाव तालुक्यातल्या मंचरच्या बाजार समितीत कांद्याचा भाव १० किलोंवर बोलला जातो. कोथिंबीर शेकड्यावर जाते, म्हणजे १०० जुड्यांना. सरकारी तक्त्यात मात्र टोमॅटो आणि कांदा दोन्ही क्विंटलने येतात. त्यामुळे नुसता ६०० हा आकडा क्रेटचा धरला तर किलोला ३० रुपये पडतात, १० किलोंचा धरला तर ६० आणि क्विंटलचा धरला तर अवघे ६.

आता समजा, या भागातल्या एखाद्या शेतकरी कंपनीच्या संकेतस्थळासाठी कोणी भाव दाखवणारा वेब कंपोनंट लिहिला. वेब कंपोनंट म्हणजे आपण स्वतः घडवलेला एचटीएमएल टॅग. क्रोमने ही सोय सध्याच्या रूपात २०१६ मध्ये दिली आणि फायरफॉक्सने २०१८ मध्ये. टॅगच्या नावात हायफन लागतोच, कारण त्यावरूनच ब्राउझर आपला टॅग आणि मूळचा टॅग वेगळा ओळखतो. आपल्या टॅगला ‘बाजार-भाव’ म्हणू. कोडमध्ये तो रोमन लिपीत असेल. त्याला ‘पीक’, ‘दर’ आणि ‘एकक’ अशी तीन ॲट्रिब्यूट आहेत. भाव बदलला की तो ‘दर-बदलला’ असा इव्हेंट सोडतो आणि तळटीप टाकण्यासाठी एक स्लॉट ठेवतो.

हा टॅग वापरणाऱ्याला आतला कोड वाचावा लागू नये. काय द्यायचं, काय ऐकायचं आणि कुठे काय घालता येतं, एवढं कळलं की त्याचं काम भागतं. ही माहिती वेगळ्या फाइलमध्ये हाताने लिहिली तर पहिल्या महिन्यात ती बरोबर असते. पुढे कोणी ‘दर’चं नाव ‘भाव’ करतं आणि दस्तऐवज जुनाच राहतो. म्हणून ती कोडमधूनच काढायची रीत आली. त्यासाठी ‘कस्टम एलिमेंट्स मॅनिफेस्ट’ नावाचा सामायिक आराखडा आहे. तो जेसॉन फाइलच्या रूपात असतो. प्रकल्पातल्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये कोणते क्लास आहेत, त्यांचा टॅग कोणता, ॲट्रिब्यूट, इव्हेंट, स्लॉट आणि सीएसएसचे बदलता येणारे भाग कोणते, हे त्यात ठरलेल्या खणांत येतं. स्टोरीबुकसारखं साधन हीच फाइल वाचून माहितीचे तक्ते मांडतं. तिच्यावरून एडिटरसाठी सूचना तयार करणारी साधनंही आहेत, मग टॅग लिहिता लिहिताच पर्याय समोर येतात.

फाइल तयार करणारा ॲनालायझर कोड चालवत नाही, फक्त वाचतो. टाइपस्क्रिप्टच्या पार्सरने तो कोडची वाक्यरचना उलगडतो. क्लास दिसला की त्याचे सदस्य टिपतो. ‘दर’पुढे संख्या असा प्रकार लिहिला असेल तर तो घेतो, प्रकार लिहिलेला नसेल तर सुरुवातीच्या किमतीवरून अंदाज बांधतो. क्लासच्या आत इव्हेंट सोडलेला दिसला की त्याची नोंद करतो. पण इव्हेंटचं नाव कोड चालताना ठरत असेल तर ते त्याच्या हाती लागत नाही. स्लॉटचंही तसंच. टेम्प्लेटमध्ये स्लॉट असला तरी क्लासच्या वरच्या जेएसडॉक टिपणीत तो नोंदवावा लागतो. लिट ही लायब्ररी वापरत असाल तर ॲनालायझरला तसं सांगावं लागतं, नाहीतर लिटच्या पद्धतीने लिहिलेली ॲट्रिब्यूट सुटतात.

हे सगळं एका कमांडने होतं. मग त्यासाठी बिल्ड टूलला प्लगइन कशाला जोडायचा? कारण कमांड चालवायची राहून जाते, बिल्ड राहत नाही. व्हीट किंवा रोलअपमधला प्लगइन म्हणजे बिल्डच्या ठरलेल्या टप्प्यांवर हाक मारली जाणारी फंक्शन्स. एक टप्पा बिल्ड सुरू होताना येतो, एक प्रत्येक फाइलचं रूपांतर होताना आणि एक शेवटचा गठ्ठा बांधताना.

ॲनालायझर यातल्या कोणत्या टप्प्यावर बसवायचा, हा कळीचा प्रश्न. प्रत्येक फाइलच्या टप्प्यावर बसवण्याचा मोह होतो, पण तिथे दोन अडचणी आहेत. एक म्हणजे तोवर दुसऱ्या प्लगइनने टाइपस्क्रिप्टचे प्रकार काढून टाकलेले असू शकतात. बांधलेल्या गठ्ठ्यात तर टिपण्याही उरतील याची खात्री नाही. म्हणून वाचायचा तो डिस्कवरचा मूळ कोड. दुसरी अडचण वारशाची. ‘बाजार-भाव’चा क्लास दुसऱ्या फाइलमधल्या मूळ क्लासवरून आला असेल, तर एकच फाइल पाहून वारशाने आलेली ॲट्रिब्यूट कळत नाहीत. सगळ्या फाइली एकत्र द्याव्या लागतात.

तेव्हा सरळ मार्ग असा. बिल्ड सुरू होताना कंपोनंटच्या सगळ्या मूळ फाइली गोळा करा, ॲनालायझरला एकदम द्या आणि मिळालेला मॅनिफेस्ट हाताशी ठेवा. गठ्ठा बांधताना तो बाकीच्या फाइलींसोबत बाहेर सोडा. डेव्हलपमेंट सर्व्हर चालू असताना फाइल बदलली की हेच पुन्हा करा. मॅनिफेस्टमधले पत्ते मूळ फाइलींचे असतात आणि पॅकेज वापरणाऱ्याकडे पोचते ती बांधलेली फाइल. हे पत्ते प्लगइनमध्येच बदलून घ्या. पॅकेज डॉट जेसॉनमध्ये ‘कस्टमएलिमेंट्स’ या खणात मॅनिफेस्टचा पत्ताही हवा, नाहीतर इतर साधनांना तो सापडणार नाही.

आता तयार झालेली फाइल उघडून ‘दर’ शोधा. नाव आहे, प्रकार संख्या आहे आणि वर्णनाचा खण रिकामा. यंत्राच्या दृष्टीने नोंद पुरी झाली, पण टॅग वापरणाऱ्याला ६०० कशाचे ते अजून कळलेलं नाही. त्यावर दोन उपाय करता येतात. ‘एकक’चा प्रकार मोकळा मजकूर न ठेवता क्रेट, १० किलो, शेकडा, क्विंटल या चारच पर्यायांचा करा, मग ही यादी आपोआप मॅनिफेस्टमध्ये उतरेल. आणि ‘दर’वर जेएसडॉकमध्ये एक ओळ लिहा: रुपयांत, ‘एकक’मध्ये दिलेल्या मापाला.

ही ओळ लिहायला कोणी विसरू नये म्हणून प्लगइनलाच पहाऱ्यावर बसवता येतं. मॅनिफेस्ट तयार झाल्यावर प्रत्येक ॲट्रिब्यूटचं वर्णन तपासायचं आणि एखादं रिकामं दिसलं की बिल्ड थांबवायचा. रोलअपच्या प्लगइनमध्ये इशारा देण्याची आणि चूक म्हणून थांबण्याची अशा दोन्ही सोयी आहेत. जुन्या प्रकल्पात आधी नुसता इशारा द्या, रिकामे खण भरून झाले की थांबवणं चालू करा. मॅनिफेस्ट गिटमध्ये ठेवलात तर आणखी एक फायदा होतो. ‘दर’चं कोणी ‘भाव’ केलं की कोड तपासणाऱ्याला तो बदल त्या फाइलच्या फरकात वेगळा दिसतो आणि कंपनीच्या बाकीच्या पानांवर काय मोडेल, हा प्रश्न वेळेत विचारता येतो.